खेळातला आनंद आणि शाळेतला अभ्यास



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने व्हिडिओ गेमविषयी बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा अध्यक्षांनी घेतलेलाच आहे. मी आज त्या एका तक्रारीकडे वळते, जी गेली काही वर्षे प्रत्येक पालकसभेत माझ्या कानी येते : "बाई, पुस्तक घेऊन पंधरा मिनिटे बसत नाही आणि मोबाइलवरच्या खेळापुढून मात्र दोन तास हलत नाही." ही तक्रार खरी आहे, पण तिच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे. ज्या मुलाचे चित्त कशातच लागत नाही असे आपण म्हणतो, त्याचे चित्त तेथे इतके एकाग्र कसे होते? उपदेश करण्यापूर्वी हे समजून घेणे शिक्षकाला आवश्यक वाटते.

खेळाची गंमत कोठून येते, याचा विचार विद्वानांनी केलेला आहे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' हा ग्रंथ लिहून माणूस हा मुळात खेळणारा प्राणी आहे, असे प्रतिपादन केले. पुढे १९७८ मध्ये बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने खेळाची मार्मिक व्याख्या केली. तिचा आशय असा, की गरज नसलेले अडथळे स्वखुशीने अंगावर घेणे आणि ते ओलांडण्याचा प्रयत्न करणे म्हणजे खेळ. आपली लंगडी आठवा. दोन धडधाकट पाय असताना एकावर उड्या मारीत गडी पकडायचे, हा निव्वळ ओढवून घेतलेला त्रास! पण तो त्रास काढून टाकला, तर खेळच उरत नाही. म्हणजे मुलांना कष्ट नको असतात, हे आपले गृहीतक येथेच डळमळते. त्यांना कष्ट हवे असतात. मात्र ते आपलेसे वाटणारे हवे असतात.

आज समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे नव्वदच्या दशकात शाळेत होते, त्यांना दूरदर्शन संचाला जोडून खेळायचा मारिओ निश्चित आठवत असेल. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ जपानमध्ये शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये सिद्ध केला. त्याचा आरंभ मला एखाद्या उत्तम पाठासारखा वाटतो. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा असतो, पुढे मोकळी जागा असते. त्यामुळे उजवीकडे जायचे, हे सांगावे लागत नाही. काही क्षणांतच एक लहानसा शत्रू समोरून चालत येतो. उडी मारली नाही, तर मारिओ मरतो आणि खेळ लगेच पुन्हा तेथूनच सुरू होतो. गमावले किती? चार-पाच सेकंद. दुसऱ्या खेपेस मूल उडी मारते. कोणी समजावून सांगितले नाही, कोणी रागावले नाही, आणि तरी एक नियम पक्का झाला.

दुसरे उदाहरण टेट्रिसचे. १९८४ मध्ये मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो तयार केला. चार-चार चौकोनांनी बनलेले सात आकार वरून खाली येतात. ते फिरवून, सरकवून सलग ओळ भरायची. ओळ भरली की नाहीशी होते, चुकलेले तेवढे साचून राहते. खेळात एकही शब्द वाचावा लागत नाही. आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हे त्याच क्षणी डोळ्यांना दिसते. जसजसे कौशल्य वाढते, तसतसा आकारांचा वेगही वाढतो.

या वाढत्या वेगाचे मर्म मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने उलगडले. बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यविशारद अशा अनेकांशी बोलून त्यांनी असे दाखविले, की काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार अवघड असले तर धास्ती वाटते. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्यात माणूस देहभान विसरतो. या अवस्थेस त्यांनी 'प्रवाह' या अर्थाचे नाव दिले. चांगला खेळ खेळणाऱ्याला या पट्ट्यातून ढळू देत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात मात्र एकच उदाहरण कोणाला पोरकट वाटते, तर कोणाला डोंगराएवढे.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. मुलाने सोमवारी लिहिलेला निबंध तपासून हाती पडेपर्यंत पुढचा सोमवार उजाडतो. तोवर आपण काय लिहिले होते, हेही ते विसरलेले असते. आणि चूक सापडली, तर ती लाल शाईत कायमची राहते.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा होतो. आपली मुले घरात मराठी बोलतात, पण रस्त्यावर, दुकानात, मैदानावर त्यांच्या कानी हिंदी पडते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून एखादे मूल सहज "माझी पुस्तक" म्हणून जाते. सुटीत पुण्या-नागपुराकडचे नातेवाईक त्यावर हसतात. हसण्यात दुष्टावा नसतो. परंतु पुढच्या वेळी ते मूल "हाँ" आणि "नहीं" एवढ्यावरच भागवते. खेळात शंभर वेळा हरून एकशे एकाव्या वेळी उभे राहणारे तेच मूल भाषेत एका हसण्याने मागे सरते. कारण तेथील चूक त्याची एकट्याची असते आणि येथील चूक चारचौघांत होते. आपली भाषा पुढच्या पिढीत टिकायची असेल, तर ती चुकतमाकत बोलण्याची मुभा आपण दिलीच पाहिजे. याच विचाराने आम्ही पाचवी ते सातवीच्या वर्गांत आठवड्यातून एक तास निव्वळ गप्पांसाठी ठेवला आहे. त्या तासाला कोणी कोणाला अडवीत नाही. शिक्षिका शुद्ध रूप आपल्या उत्तरात सहज वापरते, एवढेच. निबंधाचा पहिला खर्डाही आता गुणांविना, वर्गातच वाचून दाखविला जातो.

याचा अर्थ शाळेचा खेळ करावा, असा मात्र नाही. गुणांच्या जागी चांदण्या आणि बिल्ले वाटले, की अभ्यास रंजक होतो, ही समजूत भाबडी आहे. टेट्रिसची गंमत आकड्यांत नाही, आकार नेमका बसण्यात आहे. शिवाय खेळातले अडथळे खेळणाऱ्याच्या मापाने बेतलेले असतात. जगातले तसे नसतात. एखादी कादंबरी पन्नास पानांनंतर मनाची पकड घेते, गाण्यातला स्वर वर्षानुवर्षांच्या रियाजाने लागतो. ही वाट पाहण्याची शक्ती शाळेनेच दिली पाहिजे.

शिवाय सगळेच खेळ निर्मळ नाहीत. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित ठेवले, तर प्राणी तीच कृती न थकता करीत राहतो, असे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांनी पूर्वीच दाखविले आहे. आजचे कित्येक खेळ पैसे घेऊन बंद पेट्या विकतात. आत काय निघेल, ते दैवावर. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या अनावर आहारी जाण्याचा समावेश आहे. मात्र खेळणारे प्रत्येक मूल आजारी, असा त्याचा अर्थ नव्हे.

मग पालकांनी पारख कशी करावी? मी तीन प्रश्न सुचविते. या खेळात मुलाचे कौशल्य वाढते आहे, की ते केवळ नशिबाची वाट पाहते आहे? खेळ थांबविणे त्याला जमते का, की झोप, जेवण आणि मित्र मागे पडू लागले आहेत? आणि खेळ पुन्हा पुन्हा पैसे मागतो का? ही उत्तरे दारातून ओरडून मिळत नाहीत. त्यासाठी मुलाच्या शेजारी अर्धा तास बसावे लागते. "हे कसे खेळतात, मला शिकव," असे एकदा म्हणून पाहा. ते मूल तुम्हांला मराठीतून नियम समजावून सांगेल, तुमच्या चुकांवर हसेल आणि पुन्हा एकदा खेळू देईल. हसत हसत दिलेली ती दुसरी संधी आपण त्याच्या वहीला आणि त्याच्या भाषेला द्यावी, इतकेच माझे मागणे आहे.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती. आपल्यापैकी जे संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एखादा दिवस या वर्गांना द्यावा आणि खेळ कसा रचतात, हे मुलांना मराठीतून दाखवावे. खेळणाऱ्या मुलाला खेळ घडविणारा होता आले, तर या शाळेच्या साठ वर्षांच्या श्रमांना नवा अर्थ लाभेल.