चालीतील दोष आणि चित्रफितीची साक्ष



अंगणात वाजलेल्या पावलावरून घरचे माणूस कोण आले ते ओळखणारी वृद्ध मंडळी खेड्यापाड्यांत आजही आढळतात. चाल ज्याची त्याची निराळी असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु एखादे मूल लंगडते ते नेमके कशामुळे, असे विचारल्यास जाणकारही अडखळतो. एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत सुमारे एक सेकंद लागतो. त्यातील सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर व ४० टक्के वेळ हवेत असतो. तेवढ्यात कंबर, गुडघा आणि घोटा यांच्या हालचाली एकमेकींत गुंतून होऊन जातात. नुसत्या नजरेस हा वेग झेपत नाही.

हे काम कॅमेऱ्यावर सोपविण्याची कल्पना जुनीच आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात काय, या प्रश्नाचा निकाल १८७८ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, ओळीने मांडलेल्या १२ कॅमेऱ्यांच्या साहाय्याने लावला. ते असतात, असे ठरले. पुढे फ्रान्समध्ये मारे या शरीरशास्त्रज्ञाने माणसाला काळा पोशाख चढवून त्यावर हातापायांच्या रेषेत पांढऱ्या पट्ट्या लावल्या व काळ्या पडद्यासमोर त्याला चालविले. चित्रात माणूस नाहीसा झाला. त्याची चाल तेवढी उरली. आजच्या प्रयोगशाळांत सांध्यांवर चमकत्या गोळ्या चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी त्यांचा माग घेतात, ती याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती होय.

या खटाटोपाचे प्रयोजन एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असलेली काही मुले चवड्यांवर चालतात. टाच टेकत नाही, तेव्हा दोष पोटरीचा, असे पाहणाऱ्यास वाटते. पोटरी खरोखरच आखडलेली असेल तर ते बरोबरही असते. परंतु काही मुलांचे चित्रण बाजूने घेऊन एकेक चित्र थांबवून पाहिले असता घोटा जवळजवळ काटकोनातच असल्याचे दिसते. वाकलेले असतात ते गुडघे आणि कंबर, आणि म्हणून टाच वर राहते. अशा मुलाच्या टाचेमागचा स्नायुबंध शस्त्रक्रियेने लांबविल्यास पोटरीचे बळ जाते, गुडघे अधिकच वाकतात, आणि चवड्यांवर का होईना चालणारे मूल उकिडवे चालू लागते. हे नुकसान भरून काढणे फार कठीण असते. म्हणूनच शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी चालीचे चित्रण तपासण्याची पद्धत रूढ झाली.

कुष्ठरोगात पायाची नस दुर्बल होऊन पाऊल लोंबते व रुग्ण गुडघा उंच उचलून चालतो, तेही चित्रफितीत लवकर लक्षात येते.

मोठ्या प्रयोगशाळेचा खर्च प्रत्येक जिल्ह्यास परवडणारा नाही. मात्र २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या ओपनकॅप या पद्धतीत दोन किंवा अधिक स्मार्टफोनांच्या चित्रणावरून संगणक सांध्यांचे कोन काढतो. (हे विद्यापीठ मायब्रिजच्या घोड्याच्या त्याच मळ्यावर उभे आहे!) निदान मात्र वैद्यानेच करावयाचे. २०१३ मध्ये पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व गरजू मुलांस जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तेथे जाताना शिक्षकाने वा पालकाने घेतलेली साधी चित्रफीतही सोबत असावी. कारण दवाखान्यातील अनोळखी खोलीत मूल बिचकते आणि नेहमीसारखे चालत नाही.

चित्रण घेताना मूल अनवाणी असावे व गुडघे उघडे असावेत. कॅमेरा तिवईवर किंवा स्टुलावर मुलाच्या कंबरेच्या उंचीवर स्थिर ठेवावा. हातात धरून मुलामागे धावू नये. एकदा बाजूने, एकदा समोरून, अशा चार-पाच फेऱ्या घ्याव्यात. बाजूने घेताना कॅमेरा वाटेशी काटकोनात असावा, अन्यथा गुडघ्याचा कोन खोटा दिसतो. "नीट चाल" असे मुलास सांगू नये. आईवडिलांच्या संमतीवाचून चित्रण करू नये, आणि ते डॉक्टरांच्या हाती पोहोचल्यावर फोनमधील प्रत पुसून टाकावी.