सोडून दिलेल्या एकोणीस नौका



 या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. किनारा दिसेनासा झाल्यावर लहान नौकेवर माणसाचा जीव नेमका कशामुळे वाचतो? या प्रश्नाला बाजारात तयार उत्तरे मिळतात. उपग्रहाला संकटाची खबर देणारा बीकन आहे, दोरी ओढताच फुगणारा तराफा आहे, सॅटेलाइट फोन आहे. ही साधने घ्यायलाच हवीत. पण नवी नौका घेणाऱ्याचा पैसा आणि त्याची सगळी काळजी बहुधा तिथेच संपते, आणि ही साधने उपयोगी पडतात ती बरेच काही हातचे गेल्यावर. माझे म्हणणे असे आहे की जीव वाचवण्याचे मुख्य काम त्याच्या कितीतरी आधी होते. नौका तरंगत राहावी आणि माणूस नौकेवर राहावा, या दोन गोष्टींसाठी बंदरात, मोसम सुरू होण्यापूर्वी जे केले जाते, ते आधी. बाकीचे सगळे त्यानंतर.

ऑगस्ट 1979 मधली फास्टनेट शर्यत हा या विषयातला फार बारकाईने तपासला गेलेला दाखला आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या काउजहून 303 नौका आयर्लंडच्या टोकाजवळच्या फास्टनेट खडकाकडे निघाल्या. 13 आणि 14 ऑगस्टच्या मधल्या रात्री वादळाने त्यांना गाठले. 15 स्पर्धक मरण पावले. 24 नौका खलाशांनी सोडून दिल्या. त्या 24 पैकी बुडाल्या फक्त 5. उरलेल्या 19 नंतर तरंगताना सापडल्या. चौकशीत असेही दिसून आले की तराफ्यांशी संबंधित दुर्घटनांत सात जण गेले, आणि ज्या नौका सोडून ते तराफ्यात उतरले होते त्या नौका पाण्यावरच राहिल्या होत्या. त्या माणसांना आज दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. काळोखात नौका एकदा पुरती आडवी होऊन परत उभी राहिली, केबिनमध्ये गुडघाभर पाणी आले, डबे, गाद्या, अवजारे सगळे त्या पाण्यात घुसळू लागले, की आत बसलेल्या कोणालाही ती बुडणारच असे वाटते. पण तराफा म्हणजे हवा भरलेली रबरी पिशवी. त्याला नौकेचे वजन नाही, सुकाणू नाही, लाटेला तोंड देण्याची नौकेइतकी ताकद नाही. चौकशीने आणखी एक गोष्ट नोंदवली, ती मला आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. अनेक नौकांच्या केबिनचे दार उभ्या सरकत्या फळ्यांचे होते. नौका आडवी होताच त्या फळ्या निसटून पडल्या आणि समुद्राला आत यायला सरळ वाट मिळाली. फळी जागेवर धरून ठेवणारी एक खिटी पुरली असती. ती खिटी बसवण्याचा दिवस वादळाचा नसतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो अनुभवी लोकांकडून, आणि तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, काही नौका खरोखरच बुडतात, मग ‘नौकेवरच राहा’ हा सल्ला माणसाला तिच्याबरोबर खाली नेईल. हे खरे आहे. डिसेंबर 1998 च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत 115 नौका निघाल्या आणि 44 पोहोचल्या. सहा जण मृत्युमुखी पडले, पाच नौका बुडाल्या. त्यांपैकी ‘विन्स्टन चर्चिल’ या जुन्या लाकडी नौकेच्या खलाशांपुढे तराफ्यावाचून पर्याय उरला नव्हता. नोव्हेंबर 2022 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांची नौका काही मिनिटांत बुडाली आणि तराफ्यानेच त्यांचा जीव वाचवला. म्हणून तराफा हवा, तपासलेला हवा, आणि हाताशी हवा. मे 2014 मध्ये अटलांटिक महासागरात ‘चीकी राफिकी’ या नौकेची कील, म्हणजे तिच्या तळाचा जड कणा, निखळून पडली. चौघेही गेले. नौका उलटी तरंगताना सापडली तेव्हा तिचा तराफा आपल्या जागी बांधलेलाच होता. पण याच घटनेच्या चौकशीत दिसले की ती नौका पूर्वी तळाला लागलेली होती, तिची दुरुस्ती झालेली होती, आणि त्यामुळे कीलचा सांधा कमजोर झाला असण्याची शक्यता होती. म्हणजे आक्षेप मान्य केला तरी उत्तर पुन्हा किनाऱ्याकडेच बोट दाखवते. कील निखळल्यावर माणसाच्या हाती क्षण उरतात. तिचे नट, तिच्याभोवतीची भेग, आतल्या सांगाड्याचा सुटलेला चिकटपणा हे पाहायला नौका कोरड्या जागेवर ओढलेली असताना महिने मिळतात.

म्हणून ज्याला नौका चालवायची आहे त्याने ती आतून पाहिलेली असली पाहिजे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची कल्पना मांडली. ती स्वीकारणारे कमांडर दिलीप दोंदे 2006 मध्ये पुढे आले, आणि ‘म्हादेई’ ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधली जात असताना ते त्या कामाबरोबर राहिले. 19 ऑगस्ट 2009 रोजी त्यांनी मुंबई सोडली आणि 19 मे 2010 रोजी ते परतले. तीन वर्षांची तयारी आणि नऊ महिन्यांचा प्रवास. हे प्रमाण मला फार बोलके वाटते. आपल्याला नौका बांधायची नसेल, विकत घ्यायची असेल, तरी निदान तिच्या तळाची सगळी भोके तरी माहीत हवीत. संडास, बेसिन, इंजिनचे थंड पाणी यांसाठी प्रत्येक नौकेच्या तळाला भोके असतात. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर पाच सेंटिमीटरचे भोक उघडे पडले तर मिनिटाला दोनशे लिटरहून अधिक पाणी आत येते. हातपंपावर बसलेला माणूस त्याला फार वेळ पुरा पडत नाही. प्रत्येक झडपेजवळ मऊ लाकडाचा निमुळता खुंटा दोरीने बांधून ठेवला, तर एकाच ठोक्यात ते भोक बुजते. काळोखात खुंटा कुठे आहे हे हाताला माहीत असले पाहिजे. त्यासाठी डोळे बांधून झडपा शोधण्याचा सराव बंदरात करायला काहीच हरकत नाही.

आता नौकेवरचा माणूस. सहा नॉट वेगाने जाणारी नौका एका मिनिटात 180 मीटरहून अधिक अंतर कापते. दोन मीटरच्या लाटांत एवढ्या अंतरावरचे माणसाचे डोके नारळाएवढेही दिसत नाही; बहुतेक वेळ ते दिसतच नाही. म्हणून पाण्यात पडलेल्या माणसाला कसे शोधायचे याआधी, तो पडणारच नाही असे काय करता येईल, हे विचारायला हवे. खलाशाच्या अंगावरचा पट्टा, म्हणजे हार्नेस, अडकवण्यासाठी पुढून मागे ताणलेली पट्टी डेकच्या मध्याजवळून जावी. हार्नेसची दोरी आखूड असावी, इतकी की घसरलेला माणूस कठड्यापलीकडे जाऊच नये. केबिनमधून बाहेर पाय टाकण्याआधी त्या दोरीचा आकडा अडकलेला असावा. आकडा कुठे अडकू शकतो तेही पाहावे लागते. नोव्हेंबर 2017 मध्ये क्लिपर शर्यतीत दक्षिण महासागरात एका खलाशाचा मृत्यू झाला तो हार्नेस लावलेला असताना. दोरीचा आकडा डेकवरच्या एका खुंट्याखाली आडवा अडकला, बाजूने ताण आला, आकडा वाकला आणि सुटला. उपकरण होते, वापरलेही होते. ते कोणत्या दिशेने ओढले जाईल याचा विचार आधी झालेला नव्हता. फास्टनेटमध्येही हार्नेस किंवा तो अडकवण्याची जागा तुटून माणसे गेली होती. आकडे दरवर्षी तपासणे आणि ज्या कडीला ते लावायचे तिच्यावर दोघांनी मिळून सगळा भार टाकून पाहणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

वाऱ्याबद्दल थोडे विस्ताराने बोलतो, कारण इथे चूक धैर्याच्या नावाखाली होते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 20 नॉटचा वारा 30 नॉट झाला की शिडावरचा भार दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. 40 नॉटला चौपट. म्हणून शीड लहान करण्याचा विचार मनात आला, की तीच ते लहान करण्याची वेळ. थोड्या वेळाने तेच काम ओल्या, कलत्या डेकवर, फडफडणाऱ्या कापडाशी झुंजत करावे लागते, आणि अशा वेळी माणूस पाण्यात पडण्याचा धोका वाढतो. मोसमाचेही तसेच. ज्येष्ठ-आषाढात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्रात घालायच्या, हा कोकणच्या किनाऱ्याचा जुना शिरस्ता आहे. तो एका पिढीच्या भीतीतून नव्हे, अनेक पिढ्यांच्या मोजदादीतून आलेला आहे. त्याला आजच्या माहितीची एक पुस्ती जोडायला हवी. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यापूर्वी आणि एक पावसाळ्यानंतर. नोव्हेंबर 2017 च्या शेवटी आलेल्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या अनेक मच्छीमार नौका सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला येऊन लागल्या. दिवाळीनंतरचे निळे आकाश पाहून लक्षद्वीपला निघणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, आणि ठरलेली तारीख पाळण्याच्या हट्टापायी अंदाजाकडे डोळेझाक करू नये. विमानाचे परतीचे तिकीट काढून ठेवलेला पाहुणा हा अशा प्रवासातला एक मोठा धोका असतो.

नकाशा आणि पहारा यांविषयी थोडक्यातच. 29 नोव्हेंबर 2014 रोजी व्होल्वो ओशन शर्यतीतली ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका मॉरिशसच्या ईशान्येच्या कारगादोस काराजोस प्रवाळखडकांवर आदळली. चालक जगातल्या निवडक खलाशांपैकी होते, उपकरणे उत्तम होती. पण पडद्यावरचा नकाशा ज्या प्रमाणात उघडलेला होता त्या प्रमाणात खडक धोक्याचा दिसत नव्हता. सुदैवाने सगळे नऊ जण वाचले. आखलेली संपूर्ण वाट निघण्यापूर्वी सर्वांत मोठ्या प्रमाणावर पाहून घेणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि तेच करायचे असते. पहाऱ्याचा हिशेब तर तोंडी करता येतो. मोठ्या जहाजाचे डोलकाठीवरचे दिवे किमान सहा सागरी मैलांवरून दिसावेत असा नियम आहे. ते जहाज 20 नॉटने समोरून आले आणि आपण सहाने जात असलो, तर दिवा दिसल्यापासून आपल्याकडे चौदा मिनिटांहून कमी वेळ असतो.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. उपग्रह आहेत, विमाने आहेत, तटरक्षक दल आहे, मग एवढी यातायात कशासाठी? याचे उत्तर कमांडर अभिलाष टॉमी यांच्या 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीतल्या प्रवासात आहे. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात, पर्थपासून सुमारे 1,900 सागरी मैलांवर, गोव्यात बांधलेली त्यांची ‘थुरिया’ वादळात उलटीपालटी झाली. डोलकाठी मोडली, पाठीला गंभीर इजा झाली, हालचाल करणे अशक्य झाले. संकटाचा संदेश पोहोचला. विमाने त्यांच्या डोक्यावरून फिरून गेली. बीकनने आपले काम चोख केले आणि त्याबद्दल त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरीही फ्रान्सची ‘ओसिरिस’ ही मत्स्यगस्तीची नौका त्यांच्यापर्यंत पोहोचली ती 24 तारखेला. मधले तीन दिवस त्यांना वाचवणारे दुसरे कोणी नव्हते. डोलकाठी गमावलेली पण तरंगत राहिलेली ती नौकाच होती. हाका ऐकल्या जाणे आणि हात पोहोचणे यांत जे अंतर आहे ते आजही दिवसांत मोजावे लागते. त्या दिवसांची तजवीज उपग्रह करू शकत नाही. टॉमी 2022 मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.

तिसरा आक्षेप तरुणांचा असतो: एवढा हिशेब केला तर साहस कुठे उरले, आणि आपले पूर्वज यातले काहीही नसताना मस्कत-झांझिबारपर्यंत जातच होते ना? जात होते. पण ते तांडेलाच्या हाताखाली वर्षानुवर्षे काढून, वाऱ्याच्या मोसमाला बांधून घेऊन जात होते. जे परतले नाहीत त्यांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, म्हणून आपल्याला फक्त यशस्वी फेऱ्या दिसतात. साहसाला माझा विरोध नाही. आपल्या मुलामुलींनी क्षितिजापलीकडे जावे, आणखी पुष्कळांनी जावे, म्हणूनच तर हे सगळे बोलतो आहे. भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या नौकेवरच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 2017-18 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला तेव्हा त्या मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबल्या, दुरुस्ती केली आणि मग पुढे निघाल्या. ठरलेल्या आराखड्यात नसलेला तो मुक्काम मला त्या साऱ्या प्रवासातला अत्यंत कौतुकाचा निर्णय वाटतो.

शेवटी एक विनंती. पुढच्या मोसमात बंदर सोडण्यापूर्वी प्रत्येक नौकेने एक संध्याकाळ राखून ठेवावी. नांगर टाकलेला असताना, शांत पाण्यात, लाइफजॅकेट घातलेल्या सर्वांत वजनदार खलाशाला पाण्यात उतरवावे आणि नौकेवरच्या सर्वांत हलक्या माणसाने, एकट्याने, कप्पी आणि दोर वापरून त्याला डेकवर घ्यावे. किती वेळ लागला ते नौकेच्या वहीत लिहून ठेवावे. जोवर हे जमत नाही, तोवर कृपया नांगर उचलू नका.