लेबलवरची सावली

गटाचा मसाला, पापड, लोणचं चवीला उत्तमच असतं. पण सरसच्या स्टॉलवर गिऱ्हाईक आधी पाकीट पाहतं. म्हणून हल्ली आमच्या गटांतल्या मुली संगणकावर लेबल बनवायला शिकतात. त्यात 'इंकस्केप' नावाचं सॉफ्टवेअर आम्ही वापरतो. ते फुकट मिळतं, परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

इंकस्केपमधलं चित्र ठिपक्यांच्या रांगोळीसारखं असतं. ठिपके कुठे आणि रेघ कशी जायची, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे तीच मिरची छोट्या पाकिटावर काढा नाहीतर मोठ्या फलकावर, कड धारदारच राहते. याला व्हेक्टर म्हणतात. मोबाइलचा फोटो मात्र क्रॉस स्टिचसारखा, मोजक्या टाक्यांचा. ताणला की टाके दिसू लागतात.

आता मिरचीखाली मऊ सावली हवी आहे. मिरची निवडून कंट्रोल आणि डी दाबा, दुसरी मिरची तयार होते. तिला काळा रंग द्या, थोडी खाली आणि उजवीकडे सरकवा, मग पेज डाऊन दाबून पहिलीच्या मागे न्या. 'फिल अँड स्ट्रोक'च्या चौकटीत 'ब्लर' असतं, ते तीन ते पाचपर्यंत वाढवा. कड विरघळते आणि सावली पडते. पारदर्शकता कमी-जास्त करायची पट्टीही तिथेच आहे.

हा ब्लर म्हणजे फिल्टर. तो आकारावर पदरासारखा असतो, खालचा आकार बदलत नाही. नको वाटला तर ब्लर शून्यावर आणा, मिरची पुन्हा जशीच्या तशी. गटाच्या नावाच्या अक्षरांना फिल्टर लावला तरी नंतर अक्षरं बदलता येतात. फोटोशॉपमध्ये अशा आकाराला फिल्टर लावू लागलं की ते विचारतं, आकाराचे ठिपके करू की स्मार्ट ऑब्जेक्ट? तिथे स्मार्ट ऑब्जेक्ट निवडा, म्हणजे पुढे दुरुस्ती करता येते.

खरी मेख छपाईच्या वेळी असते. पीडीएफ बनवताना इंकस्केप फिल्टर लावलेल्या भागाचे ठिपके करतं. त्या खिडकीत इंचाला 96 ठिपके असा आकडा आधीच भरलेला असतो. 3 इंच रुंदीच्या लेबलला मग 288 च ठिपके मिळतात. पडद्यावर ते छान दिसतं, कागदावर फुटकं येतं. तिथे 300 लिहा, म्हणजे 900 ठिपके होतात. 'रास्टराइज फिल्टर इफेक्ट्स'समोरची खूण तशीच ठेवा.

म्हणूनच आमच्या गटांत एक नियम आहे. वजन, किंमत, घटक, बनवल्याची तारीख, खाद्य परवान्याचा क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह यांना कोणताही फिल्टर लावायचा नाही. बारीक अक्षरं ठिपक्यांत गेली की वाचता येत नाहीत. आणि जे वाचता येत नाही, ते छापूनही उपयोग नाही. सावली चित्राला आणि मोठ्या नावाला, बस्स.

कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं असेल तर सावली नकोच. तिथे भरीव रंग सरळ उमटतो. फिकट होत जाणारी सावली बारीक ठिपक्यांत तोडावी लागते, आणि जाड कापडावर ती डागासारखी दिसते.

संगणक जुना असेल तर फिल्टरांनी तो रखडतो. अशा वेळी 'व्ह्यू'मधल्या 'डिस्प्ले मोड'मध्ये 'नो फिल्टर्स' निवडा. काम झपाट्याने होतं, आणि सावली फाइलमध्ये शाबूत राहते.

शेवटची गोष्ट पैशाची. लेबल बाहेरून करून घेतलंत तर नुसता जेपीजी फोटो घेऊन घरी येऊ नका. मूळ एसव्हीजी फाइल मागा आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. उद्या 200 ग्रॅमचं पाकीट 250 ग्रॅमचं झालं तर आपल्यातलीच एखादी मुलगी तो आकडा बदलेल, नव्याने मजुरी पडणार नाही. पैसे गटाचे, तर फाइलही गटाची.

आणि हजार लेबलं छापायला टाकण्याआधी एक प्रत कागदावर काढा. बैठकीत सगळ्यात वयस्कर ताईंच्या हातात द्या. त्यांना चष्मा लावून वजन आणि तारीख वाचता आली, तरच पुढची छपाई सांगा.