डेडस्टॉकमधील संगणक आणि आमचे शिकणे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने आम्हास 'प्राथमिक शिक्षक आणि नवे तंत्रज्ञान' हा विषय दिला आहे. वास्तविक या विषयावर बोलण्यास आमच्यापेक्षा तरुण शिक्षक अधिक पात्र आहेत. आम्ही १९८८ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो, तेव्हा आमचे तंत्रज्ञान म्हणजे फळा, खडू आणि खिळ्याला टांगलेले तक्ते. २०२४ साली निवृत्त झालो तेव्हा खिशात मोबाईल आणि वर्गात प्रोजेक्टर होता. यंत्रे बदलली, त्यात आमचे कर्तृत्व काही नाही. आम्ही कसे शिकलो आणि कुठे चुकलो, एवढेच सांगावयाचे आहे.

आमच्या शाळेत पहिला संगणक एका योजनेतून आला. आला आणि कपाटाशेजारी कापड पांघरून बसला. त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला झाली होती. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याच्याकडून भरपाई, ही भीती शाळेत प्रत्येकाच्या मनात असते. त्यामुळे त्याला कोणी हात लावीत नसे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीच्या आधी वरचे कापड तेवढे धुऊन घातले जाई. आमच्या शाळेतील मुलांच्या दोन-तीन तुकड्या संगणकाचे केवळ कापड पाहून सातवी पास झाल्या. दोष दुसऱ्या कोणाला द्यावा? आम्हीही त्याच शाळेत होतो आणि आम्हालाही भीती वाटत होती.

पुढे २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शासकीय नोकरांना तो उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. ज्ञानाची ओढ म्हणून नव्हे, तर वेतनवाढ थांबेल या धास्तीने आम्ही तालुक्याच्या केंद्रात नाव घातले. चाळिशीत पुन्हा बाकावर बसलो. शेजारी कॉलेजची पोरे, आणि शिकविणारी आमच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली, आपल्याच वस्तीतील मुलगी. तिने पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला तेव्हा आम्हाला घाम फुटला होता. माऊसचा बाण पडद्यावर एका जागी थांबेना. चार दिवस आम्ही चुकत होतो, पण त्या मुलीने आमच्या हातातून माऊस एकदाही काढून घेतला नाही. "असू द्या गुरुजी, परत करा," एवढेच ती म्हणे.

घरी येऊन आम्हाला आठवले, की तीच मुलगी पहिलीत असताना 'ळ' काढताना अडखळली, की आम्ही तिच्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतःच काढून देत असू.

प्रमाणपत्र मिळाले, तरी वर्गात काय करावे हे त्यात नव्हते. पत्र लिहिता येऊ लागले, तक्ता आखता येऊ लागला, म्हणून कार्यालयाची कामे मात्र आमच्याकडे वाढली. वर्गातले शिकणे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला तेव्हा सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात आम्ही जलचक्राची फिल्म लावली. मुले इतकी शांत बसली, की आम्हाला वाटले, आता शिक्षकाचे अर्धे काम झाले. दुसऱ्या दिवशी विचारले, ढगात पाणी कुठून येते? एक जण म्हणाला, "त्या काकांनी सांगितलं होतं." काकांनी काय सांगितले ते एकालाही आठवेना.

मग फिल्म दोन मिनिटांनी थांबविण्याची सवय आम्ही लावून घेतली. थांबवायचे, विचारायचे, मुलांना भांडू द्यायचे. त्या जलचक्रासाठी शेवटी मुलांना खिचडी शिजत होती तिथे नेले आणि पातेल्यावरचे झाकण उलटे करून दाखविले. झाकणाला लटकलेले थेंब पाहिल्यावर फिल्ममधले ढग त्यांना समजले. प्रोजेक्टरही लागला आणि पातेलेही.

मोबाईलचा खरा उपयोग आम्हास योगायोगाने सापडला. तिसरीतील एक मुलगी वर्गात उभी राहून वाचीत नसे. तिला मोबाईल देऊन जिन्याखाली बसविले आणि आवाज रेकॉर्ड करावयास सांगितले. तिने एकच धडा सात वेळा वाचला. स्वतःचा आवाज ऐकायचा, चूक कळली की पुसायचा, पुन्हा वाचायचे. आम्ही टोकण्याची गरजच राहिली नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपणांस ठाऊक आहेच. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम गाजले, आणि पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा परिषदेचा शिक्षक म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना त्यातून उत्तर मिळाले, याचा आम्हास आनंद झाला.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती २०१९ सालची. नकाशा शिकविताना आम्ही गुगल अर्थ लावले. भारत, महाराष्ट्र, जिल्हा, तालुका करीत आमच्या गावावर आलो. शाळेचे पत्रे दिसताच मुलांनी ओरडा केला. ओढा, मारुतीचे देऊळ, ग्रामपंचायत, प्रत्येकाला आपले घर सापडले. मीटर-किलोमीटर शिकवून झाले होते, म्हणून अंतर मोजण्याची पट्टीही त्यांच्या हाती दिली. चौथीतला एक मुलगा बराच वेळ मोजीत बसला होता. गावातली सगळी घरे एकमेकांना चिकटून आणि आपली वस्ती तेवढी ओढ्यापलीकडे. त्याने विचारले, "गुर्जी, आपली वस्ती अशी येगळी का? मधी तर मोकळी जागा हाय."

वर्गात गावातली मुलेही होती. यंत्र चालवायला आम्ही शिकलो होतो, परंतु या प्रश्नाचे बटण त्यात नव्हते. क्षणभर वाटले, घंटा व्हावी. मग प्रोजेक्टर बंद केला आणि मुलांना गोल बसविले. गावात विहिरी दोन का आहेत, कोणी कोणत्या विहिरीवर जायचे, आमचे आजोबा कोठे उभे राहत, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे दहा वर्षांच्या मुलांना कळेल अशा भाषेत सांगितले. दोन्हीकडची मुले ऐकत होती. छत्तीस वर्षांच्या नोकरीत याहून कठीण तास आम्ही घेतला नाही.

त्यानंतर मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाईलवर अभ्यास पाठवा, असे ठरले. आम्ही घरोघरी फिरून यादी केली, तर निम्म्याहून अधिक घरांत तसा फोनच नव्हता. असला तरी तो सकाळी बापाबरोबर कामावर जाई आणि रात्री परत येई. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागे, तिचा उपयोग टीव्ही असणाऱ्या घरांना झाला. उरलेल्यांसाठी आम्ही अभ्यासाचे कागद हाताने लिहून समाजमंदिराच्या ओट्यावर मुलांना चार-चारच्या गटाने बसवीत होतो. ज्याने वस्तीचा प्रश्न विचारला तो मुलगा सुरुवातीला येत असे. दिवाळीनंतर तो आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. शाळा उघडली तेव्हा तो हजेरीपटावर होता, वर्गात नव्हता. त्याच्या बापाचा नंबर अजून आमच्या मोबाईलमध्ये आहे. तो लागत नाही.

असो. एक विनंती करून थांबतो. आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत दोन संगणक आहेत. आज सकाळी आम्ही खोली पाहिली. संगणकांवर कापड होते आणि दाराला कुलूप. पदाधिकाऱ्यांनी किल्ली आमच्याकडे द्यावी. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा आम्ही तेथे बसू. मुलांनी स्वतःच्या हाताने बटणे दाबावीत, मोठ्यांनी शेजारी बसावे. काही मोडलेच, तर दुरुस्तीचा खर्च आमच्या पेन्शनमधून होईल, तशी नोंद रजिस्टरला करून ठेवावी.

जयभीम.