चंद्रकळा : अंगावर नेसलेली रात्र

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि जुने पळसदेव जलाशयात विसावले. पाणी फार ओसरले की पळसनाथाचे प्राचीन मंदिर पुन्हा दृष्टीस पडते. अमावास्येनंतर कोर दिसावी तसे.

चंद्राचा हा क्षय-वृद्धीचा क्रम मराठी स्त्रीने वस्त्राच्या नावातही जपला. कळा म्हणजे चंद्रबिंबाचा सोळावा अंश. आणि काळ्याभोर लुगड्याचे नाव चंद्रकळा. आपले बहुतेक सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात. संक्रांत मात्र सूर्याची. तरीही लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नववधू चंद्रकळा नेसते आणि त्यावर हलव्याचे शुभ्र दागिने घालते. अंधाऱ्या रात्री चांदणे फुलावे, असे ते रूप! काळा रंग थंडीत ऊब धरतो, हे शहाणपणही त्यात आहेच.

आज छापील काळ्या साडीवर तो मान भागविला जातो. हातमागाची चंद्रकळा पेटीच्या तळाशी राहते. पाणी ओसरले की देऊळ आपोआप दिसते. वस्त्राचे तसे नाही. ते आजीच्या हातून नातीच्या हाती यावे लागते. येत्या संक्रांतीला घरोघरी ती पेटी उघडावी आणि त्या लुगड्याची हकीकत आजीच्याच तोंडून ऐकावी.