बुद्धिबळ महासंघ : आधी घडी, मग निधी

(हडपसर येथे बुद्धिबळपटू, पालक आणि क्रीडा कार्यकर्त्यांसमोर एका ज्येष्ठ पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आपण ज्या हडपसरमध्ये आज जमलो आहोत, तेथीलच अमनोरा परिसरात एप्रिल 2025मध्ये महिलांच्या जागतिक ग्रां प्री मालिकेतील एक स्पर्धा झाली. कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनेर यांचे गुण समान झाले आणि सरस टायब्रेकच्या आधारे हंपी विजेती ठरली. नागपूरची दिव्या देशमुख तिसरी आली. पुढे तीनच महिन्यांत, 28 जुलै 2025 रोजी, जॉर्जियातील बाटुमी येथे त्याच हंपीला नमवून दिव्याने महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली.

विश्वनाथन आनंद 1988 साली आपला पहिला ग्रँडमास्टर झाला. दुसरा, दिव्येंदू बरुआ, 1991 साली. तिसरे आपले प्रवीण ठिपसे, 1997 साली. जवळपास दहा वर्षांत तीन, अशी गती होती. आज 2024च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडची दोन्ही सुवर्णपदके आपल्याकडे आहेत, आणि त्यातील महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मग अशा भरभराटीच्या काळात महासंघाच्या निधीचा आणि पुनर्रचनेचा विषय कशाला, असे कोणी विचारील. माझे नम्र उत्तर असे की, विजयाच्या जल्लोषात संघटनेतील भेगा दिसत नाहीत. त्या पराभवाच्या दिवशी दिसतात आणि तेव्हा डागडुजीला उशीर झालेला असतो.

राजाश्रयाची मर्यादा

सुलतान खान हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. पंजाबातील हा विलक्षण खेळाडू सर उमर हयात खान या धनिकाच्या आश्रयाने इंग्लंडला गेला. 1929, 1932 आणि 1933 अशी तीन वेळा त्याने ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. राज्यकर्त्यांच्या घरात जाऊन त्यांनाच हरवणारा हा माणूस 1933च्या अखेरीस आश्रयदात्याबरोबर मायदेशी परतला आणि त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तेथेच संपली. प्रतिभा आटली नव्हती, आश्रय आटला होता. त्याच्या पाठीशी उभी राहील अशी संघटना त्या वेळी देशात नव्हती.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ 1951 साली स्थापन झाला. 1955 साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आपले रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. मात्र आश्रयदात्याची जागा संघटनेने घेतली, तरी आश्रयाची मनोवृत्ती लवकर गेली नाही. पदाधिकारी देणारे आणि खेळाडू घेणारे, अशीच भावना दीर्घकाळ राहिली. 1976 साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढे वादळ उठले! अखेर स्त्रियांना स्पर्धेबाहेर ठेवता येणार नाही, हा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. ज्या भूमीत चतुरंगाचा जन्म झाला, तेथील मुलीला न्याय मिळण्यासाठी युरोपातून निर्णय यावा, यावर आपण अंतर्मुख होऊन विचार करायला हवा.

न्यायालयाच्या पायरीवर

अगदी अलीकडचा काळ पाहा. महासंघाची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळले म्हणून काही खेळाडूंवर कारवाई झाली. ते भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेले आणि जुलै 2018मध्ये आयोगाने महासंघाला 6 लाख 92 हजार रुपयांचा दंड ठोठावला. रक्कम मोठी नव्हे. पण खेळाडूंच्याच तक्रारीवरून त्यांच्या संघटनेला दंड व्हावा, ही नामुष्की मोठी होती.

त्यानंतर अध्यक्ष आणि सचिव यांचे दोन गट पडले. जानेवारी 2021च्या निवडणुकीत अध्यक्षपदाचा निकाल 33 विरुद्ध 31 असा, अवघ्या दोन मतांनी लागला. सचिवांना 64पैकी 35 मते मिळाली. परंतु पुन्हा निवडून येणाऱ्या पदाधिकाऱ्याला क्रीडा संहितेनुसार दोन तृतीयांश, म्हणजे 43 मते आवश्यक होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जून 2022मध्ये ती निवड अवैध ठरली. त्या वेळी चेन्नईजवळच्या मामल्लपुरम येथील ऑलिंपियाडला दोन महिनेही उरले नव्हते! सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑगस्टपर्यंत काम पाहण्याची मुभा दिली म्हणून यजमान देशाची अब्रू राहिली. ऑलिंपियाड थाटात झाले. तमिळनाडू सरकारने त्यासाठी 90 कोटींहून अधिक रुपये मंजूर केले होते. पैसा होता, खेळाडू होते, उत्साह होता. डळमळत होती ती फक्त संघटना.

पैसा आला, आता पुढे काय?

मार्च 2024मध्ये महासंघावर नवे पदाधिकारी आले आणि त्यांनी 65 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प जाहीर केला. बुडापेस्टच्या विजेत्यांना महासंघाने एकूण 3 कोटी 20 लाख रुपयांची बक्षिसे दिली. प्रत्येक खेळाडूला 25 लाख मिळाले. 2025मध्ये 7 ते 19 वर्षांखालील गटांतील 78 गुणवंत मुलामुलींना थेट साहाय्य देण्यास प्रारंभ झाला. या सर्व गोष्टींचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे.

तरीही एक प्रश्न उरतो. 78 जणांना हात मिळाला, पण एकोणऐंशीव्या मुलाचे काय? प्रशिक्षकाचे शुल्क, प्रवेश शुल्क, रेल्वेचे भाडे, परगावचा मुक्काम आणि सोबत रजा काढून जाणारे आई किंवा वडील, हा हिशेब या सभागृहातील प्रत्येक पालकाला तोंडपाठ आहे. विश्वविजेत्या गुकेशच्या वडिलांनीही मुलासाठी आपला वैद्यकीय व्यवसाय थांबवला होता. ज्या घराला तसे करणे परवडत नाही, तेथील गुकेश आपण गमावतो. शिखरावर सोन्याचा कळस चढवताना पायथ्याचे दगड निखळू देऊ नयेत.

तळापासून रचना

म्हणून मी म्हणतो, आधी घडी, मग निधी. पहिली गोष्ट, कारभार. 2025 साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. क्रीडा महासंघाच्या कार्यकारिणीत जास्तीत जास्त 15 सदस्य, त्यात किमान 4 महिला आणि नामवंत खेळाडूंना स्थान, तसेच तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण, या त्यातील तरतुदी आहेत. त्यांचा आत्मा जिल्हा संघटनेपर्यंत उतरला पाहिजे. जिल्ह्याचे जमाखर्च दरवर्षी सभासदांसमोर यावेत आणि निवडीचे निकष स्पर्धेआधी जाहीर व्हावेत.

दुसरी गोष्ट, निधी. महासंघाने मिळालेल्या रकमेचा ठरावीक वाटा स्थायी निधीत टाकावा आणि केवळ व्याज खर्च करावे, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी मुलांचे साहाय्य थांबणार नाही. 2013च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यासाठी द्यावा लागतो आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. हडपसरची औद्योगिक वसाहत आणि मगरपट्टा आपल्या दाराशी आहेत. त्यांच्याकडे जाताना मात्र हातात तपासलेला हिशेब हवा.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, लोकाश्रय. आपल्या परिचयाच्या कार्यात 1928पासून गुरुदक्षिणेची पद्धत आहे. स्वयंसेवक यथाशक्ती अर्पण करतो आणि कार्य कोणा धनिकाचे मिंधे राहत नाही. जो थोडे का होईना देतो, तो विचारतो, राबतो आणि कार्याला आपले मानतो. सांगलीत भाऊसाहेब पडसळगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून हेच केले. गाव छोटे, साधने तुटपुंजी. पण वर्षानुवर्षे स्पर्धा चालल्या, मुले घडली आणि स्वाती घाटेंसारखी महिला ग्रँडमास्टर त्या मातीतून आली. मोठ्या निधीची वाट पाहत भाऊसाहेब बसले नाहीत.

महासंघाची पुनर्रचना दिल्ली-चेन्नईत होईल तेव्हा होईल. तिचा आरंभ हडपसरमध्ये करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. महापालिकेच्या एका शाळेत आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग, वर्षातून एक प्रवेश शुल्क नसलेली स्पर्धा आणि फलकावर लावलेला हिशेब, एवढे आपण या वर्षी केले, तरी तो एकोणऐंशीवा मुलगा पटापर्यंत पोहोचेल. पटावरचे प्यादे एकेक घर पुढे जातच वजीर होते. फक्त शेवटच्या घरापर्यंत त्याच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते. ते काम समाजाचे, म्हणजे आपले आहे.



वंदे मातरम्!