पेढीचें हस्तांतर आणि नोकरवर्ग

एखादी पेढी एका मालकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेली, अशी बातमी वर्तमानपत्रांत येते तेव्हां तींत बहुधा तीन गोष्टी दिलेल्या असतात : विकणारा कोण, घेणारा कोण आणि किंमत किती. त्या पेढींत रोज सकाळीं कामावर जाणारीं आणि संध्याकाळीं घरीं परतणारीं जीं माणसें असतात, त्यांचें पुढें काय होणार, हें त्या बातमींत शोधूनहि क्वचितच सांपडतें. व्यापाराच्या दृष्टीनें तो एक व्यवहार असतो. नोकराच्या घरीं मात्र तो चुलीचा प्रश्न असतो. हा प्रश्न कसा उभा राहतो आणि त्यांत नोकराचें नेमकें काय पणास लागतें, हें इंग्लंडमधील एका सायकल-दुकानाच्या हकीकतीवरून स्पष्ट होण्यासारखें आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टस्मथ नांवाचें आरमारी बंदर आहे. तेथें बटलर सायकल्स नांवाचें सायकलींचें एक दुकान होतें. १९९९ सालीं मिच डॉल व हार्वी जोन्स ह्या दोघांनीं त्या दुकानाच्या आधारावर ‘विगल’ नांवाचें नवें दुकान थाटलें. ह्या नव्या दुकानाची रीति निराळी होती. गिऱ्हाइकानें घरच्या संगणकावर वस्तूंची यादी पाहावी, इंटरनेटवरून मागणी नोंदवावी आणि मालाचें पुडकें त्याला घरपोंच मिळावें, अशी ती योजना होती. समुद्रापलीकडे उत्तर आयर्लंडांतील बॅलिन्यूर ह्या खेड्यांत जॉर्ज व जॅनिस वॉटसन ह्या पतिपत्नींनीं १९८४ सालींच एक सायकल-दुकान काढलें होतें. त्याचें पुढें ‘चेन रिॲक्शन सायकल्स’ असें नामकरण झालें. तेंहि आधीं टपालानें माल पाठवूं लागलें आणि मग इंटरनेटवर आलें. पाहतां पाहतां ह्या दोन लहान दुकानांच्या दोन मोठ्या पेढ्या झाल्या, आणि देशोदेशींचे सायकलस्वार त्यांच्याकडून माल मागवूं लागले.

अशा दुकानांत गिऱ्हाइकासमोर कोणी उभें नसतें, म्हणून तें सारें यंत्रानेंच चालत असावें असा समज होण्याचा संभव आहे. परंतु वस्तुस्थिति तशी नसते. सायकलीचे सुटे भाग हजारों प्रकारचे असतात आणि एकाचा मेळ दुसऱ्याशीं बसेलच असें नाहीं. आठ चक्रांच्या जुन्या गिअरची रुंद चेन अकरा चक्रांच्या नव्या गिअरवर चालत नाहीं. टायर रिमच्या मापाचा नसेल तर तो चढतच नाहीं. गिऱ्हाइकाची अडचण ऐकून नेमका भाग सुचविणारा, पुढच्या हंगामांत काय खपेल ह्याचा अंदाज बांधणारा, वखारींतल्या शेंकडों खणांतून बिनचूक वस्तु काढणारा, आणि सायकल खोक्यांत भरण्यापूर्वीं तिचे ब्रेक तपासणारा, ह्या साऱ्यांच्या अनुभवावर दुकान उभें असतें. विगलच्या पुडक्यांत मालाबरोबर हरिबोच्या जेलीच्या गोळ्यांची एक लहानशी पुडी घातलेली असे. तिची किंमत ती काय! परंतु दुकानाचें नांव निघतांच कित्येक सायकलस्वारांना प्रथम ती पुडीच आठवे. व्यापारांत ज्याला ‘नांव’ म्हणतात तें असेंच तयार होतें. भांडवलानें त्याचा आरंभ होतो, पण वाढतें तें काम करणाऱ्यांच्या हातून.

पेढीचें नांव झालें कीं मोठ्या भांडवलाची दृष्टि तिच्याकडे वळते. २०११ च्या अखेरीस ब्रिजपॉइंट ह्या गुंतवणूक-संस्थेनें विगल पेढी सुमारें १८ कोटि पौंडांस घेतली. २०१६ सालीं विगल आणि चेन रिॲक्शन ह्यांचें एकीकरण झालें. २०२१ सालीं ही एकत्र पेढी बर्लिन येथील सिग्ना स्पोर्ट्‌स युनायटेड ह्या कंपनीकडे गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारांत विकले जाऊं लागले. तिच्या पाठीशीं ऑस्ट्रियांतील सिग्ना हा समूह होता, आणि त्याचा मुख्य व्यवसाय जमीनजुमला व इमारती ह्यांचा. म्हणजे पोर्टस्मथच्या कारकुनाचें टेबल होतें तेथेंच राहिलें, परंतु त्या टेबलाविषयींचा अखेरचा निर्णय आधीं लंडनला, मग बर्लिनला आणि शेवटीं व्हिएन्नाला होऊं लागला.

येथें एक बारकावा ध्यानीं घेणें अवश्य आहे. ‘पेढी विकली’ ह्या दोन शब्दांखालीं तीन अगदीं निरनिराळे व्यवहार झांकलेले असतात. पहिल्या प्रकारांत कंपनीचे शेअर विकले जातात. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति होय. शेअर कोणाच्याहि तिजोरींत असले तरी ती व्यक्ति बदलत नाहीं, म्हणून नोकराशीं तिनें केलेला करारहि तसाच चालू राहतो. दुसऱ्या प्रकारांत चालता धंदा उचलून दुसऱ्याच्या स्वाधीन केला जातो. ह्यासाठीं ब्रिटनमध्यें १९८१ सालीं नियम झाले व २००६ सालीं ते नव्यानें करण्यांत आले. त्यांप्रमाणें धंद्याबरोबर नोकरहि नव्या मालकाकडे जातात, आणि त्यांचा पगार, रजा व झालेली सेवा ह्यांचा दुवा तुटत नाहीं. तिसऱ्या प्रकारांत मात्र घेणारा नुसतें नांव घेतो : व्यापारी चिन्ह, इंटरनेटवरील पत्ता आणि त्यांसंबंधींचे हक्क. धंदा असा त्यांत हस्तांतरित होतच नाहीं, आणि म्हणून नोकराचें नांव त्या कागदांत कोठेंहि येत नाहीं.

पहिल्या प्रकारांत नोकरास कांहींच झळ लागत नाहीं, असेंहि नव्हे. दोन पेढ्या एक झाल्या कीं हिशेबाचीं दोन खातीं, खरेदीचे दोन विभाग आणि दोन वखारी समोरासमोर येतात, आणि एकानें भागत असतां दोन कशाला, हा प्रश्न नवा मालक विचारतोच. चेन रिॲक्शनचा माल पूर्वी उत्तर आयर्लंडांतून रवाना होत असे; एकीकरणानंतर तें काम इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या मोठ्या वखारींत एकवटलें. ताळेबंदांत ही काटकसर शोभून दिसते. पण ज्यानें बॅलिन्यूरच्या आसपास घर केलें, ज्याचीं मुलें तेथल्या शाळेंत जातात, त्याला समुद्र ओलांडून रोज वखारींत जातां येत नाहीं. शिवाय अशा दिवसांत पेढींत अफवांना ऊत येतो. ज्यांना दुसरीकडे सहज जागा मिळण्यासारखी असते ते आधीं निघून जातात; राहिलेल्यांच्या वांट्यास दोघांचें काम आणि उद्यांची काळजी अशा दोन्ही गोष्टी येतात.

विगलवर खरें संकट आलें तें २०२३ सालीं. त्याचीं मुळें आधींच्या तीन वर्षांत होतीं. २०२० च्या साथींत आगगाडीची गर्दी टाळण्यासाठीं आणि व्यायामासाठीं लोकांनीं सायकली घेतल्या. दुकानें रिकामीं पडलीं आणि कारखान्यांकडे कित्येक महिन्यांच्या आगाऊ मागण्या गेल्या. तो माल येऊन पोंचला तोंवर मागणी ओसरली होती. वखारी भरल्या आणि किमती उतरवाव्या लागल्या. त्यांतच ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडल्यामुळें २०२१ पासून युरोपांत माल धाडतांना जकातीचे सोपस्कार वाढले. अशा वेळीं दुकानाची सारी भिस्त पालक-समूहाच्या पैशावर होती. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्यें सिग्नानें १५ कोटि यूरो देण्याचें आपलें वचन मागें घेतलें, आणि क्रीडासामानाची कंपनी कोसळली. आडांतच नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? नोव्हेंबरच्या अखेरीस खुद्द सिग्ना होल्डिंगनें व्हिएन्नाच्या न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला.

विगलचा कारभार ऑक्टोबरांतच दिवाळखोरीच्या कायद्यान्वयें नेमलेल्या व्यवस्थापकांकडे गेला होता. नोकरवर्ग त्या वेळीं सुमारें साडेचारशेंचा होता. त्यांपैकीं १०५ जणांना नोव्हेंबरांतच काढण्यांत आलें. बाकीच्यांनीं शिल्लक माल विकण्याचें काम पुढें चालविलें. म्हणजे आपल्याच दुकानाचीं फळ्या-कुलुपें लावण्याचें काम त्यांच्या हातीं आलें. २०२४ च्या आरंभीं फ्रेझर्स ग्रूप ह्या ब्रिटिश पेढीनें विगल व चेन रिॲक्शन हीं नांवें आणि त्यांचे हक्क विकत घेतले. एव्हान्स सायकल्स हें जुनें दुकान तिनें २०१८ सालींच घेतलेलें होतें. ह्या नव्या सौद्याची किंमत एक कोटि पौंडांहूनहि कमी असल्याचें प्रसिद्ध झालें. सुमारें बारा वर्षांपूर्वीं एकट्या विगलसाठीं १८ कोटि पौंड मोजले गेले होते, हें येथें आठवावें. हा व्यवहार तिसऱ्या प्रकारचा होता. नांव गेलें, माणसें मागें राहिलीं. कांहीं काळानें तेंच नांव इंटरनेटवर पुन्हां झळकूं लागलें. जुना नोकरवर्ग मात्र त्या सौद्याचा भागच नव्हता.

ह्यांत कोणास खलपुरुष ठरविण्याचें कारण नाहीं. मोडलेल्या पेढीचें नांव घेणाऱ्यावर तिचे नोकर सांभाळण्याचें बंधन कायद्यानें घातलेलें नाहीं, आणि व्यवस्थापकास धनकोंच्या हिताकडे पाहावें लागतें. नोकरास कांहींच मिळत नाहीं असेंहि नाहीं. ब्रिटिश कायद्याप्रमाणें एका ठिकाणचे शंभर किंवा अधिक नोकर कमी करावयाचे झाल्यास पहिली बडतर्फी अमलांत येण्यापूर्वीं किमान ४५ दिवस विचारविनिमय सुरू व्हावा लागतो. दोन वर्षें सेवा झालेल्यास वयाच्या व सेवेच्या मानानें ठराविक भरपाई मिळते. पेढीकडे पैसाच उरला नसेल तर ती राष्ट्रीय विमा निधींतून दिली जाते. मात्र आठवड्याच्या वेतनाचा जो आंकडा हिशेबास धरतात त्यास मर्यादा असते. ही तरतूद लहान नव्हे. परंतु तिनें मोजलीं जातात तीं वर्षें. त्या वर्षांत नोकरानें मिळविलेलें ज्ञान आणि त्या ज्ञानानें पेढीच्या नांवास आलेली किंमत, ह्यांचा हिशेब कोणत्याच रकान्यांत धरला जात नाहीं.

मुख्य अन्याय असा कीं, नांव आणि माणसें हीं वाढतांना एकत्र वाढतात; विकतांना मात्र तीं वेगळीं करतां येतात. नांवाची किंमत ठरते, त्याचें खत होतें, तें तिजोरींत ठेवतां येतें. माणसाच्या अनुभवाचें खत होत नाहीं. तो नोकराबरोबर घरीं जातो, आणि दुसऱ्या दुकानांत त्याची गरज नसेल तर तसाच पडून राहतो. आठ आणि अकरा चक्रांच्या चेनमधला भेद बिनचूक सांगणाऱ्या माणसास उद्यां कदाचित् फळभाज्यांच्या वखारींत खोकीं उचलावीं लागतील. हें काम हलकें नव्हे. पण पंधरा वर्षांची विद्या मात्र वायां गेली.

ह्यावर उपाय काय? मालकापुरता पहिला उपाय म्हणजे वेळेवर सांगितलेलें सत्य. पैशाचा झरा आटत असल्याचें तीन महिने आधीं कळलें तर नोकर दुसरी जागा पाहूं शकतो, कर्ज काढावयाचें थांबतो, घराचा करार पुढें ढकलतो. तीन दिवस आधीं कळून तो कांहींच करूं शकत नाहीं. दुसरा उपाय कायदेकर्त्यांच्या हातचा आहे. नांव विकत घेणाऱ्यानें तोच धंदा त्याच नांवानें पुन्हां सुरू केल्यास जुन्या नोकरांना निदान प्रथम विचारावें, एवढें बंधन अवजड ठरूं नये. तिसरा नोकराच्या स्वतःच्या हातचा. पेढी विकली जात असल्याचें कळतांच किंमत किती, ह्यापेक्षां विकलें काय जात आहे, हें त्यानें विचारावें. शेअर, चालता धंदा, कीं नुसतें नांव? पेढीस रोजचा पैसा कोठून येतो, आणि तो देणाऱ्याची स्वतःची स्थिति कशी आहे? नेमणुकीचें पत्र, पगाराच्या पावत्या आणि सेवेच्या तारखा घरीं नीट जपून ठेवाव्या. भरपाईच्या दिवशीं तेच कागद उपयोगी पडतात.

गिऱ्हाइकासहि ह्या हकीकतीपासून घेण्यासारखें कांहीं आहे. खोक्यावरचें नांव ओळखीचें असलें म्हणजे आंतलीं माणसें तींच असतील, असें धरून चालतां येत नाहीं. घरबसल्या मागविलेलें पुडकें दाराशीं येतें तेव्हां दुकान दिसत नाहीं, दुकानदार दिसत नाहीं. पण तें कोणी तरी शोधलें, तपासलें आणि बांधलें, हें खरेंच असतें. पेढीच्या किमतींत त्या हातांची किंमत धरलेली असते; पेढीच्या विक्रींत मात्र ते हात धरलेले असतीलच असें नाहीं.